पाखरं राखायला

पोतं साडेबारा किलोचं होतं. कुरियरवाल्याने ते दारात टेकवलं आणि तो निघून गेला. आईने ते पायाने जरा सरकवून पाहिलं आणि विचारलं, "दळण आलं का गं?"

"पाखरांचा दाणा आहे."

"विकत?"

"मग काय, शेत आहे का आपलं इथे?"

किंमत मी पौंडात सांगितली. आईची शाळा सातवीत सुटली, पण पौंडाचा रुपया तिला माझ्यापेक्षा लवकर करता येतो. "तीन हजार," ती म्हणाली आणि गप्प झाली. चहा झाला, कप विसळून झाले, मला वाटलं विषय मिटला. मग खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "मामंजी असते ना, तर तुझ्या पाठीत गोफणगुंडा घातला असता."

मामंजी म्हणजे माझे आबा, वडिलांचे वडील. मंगळवेढ्याजवळ त्यांची काळी जमीन होती आणि त्या जमिनीत जोंधळा. मी राहते लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोमध्ये, हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांच्या बरोबर खाली. घरामागे बाग आहे. बाग म्हणजे आमच्या गावच्या वाड्याच्या ओसरीएवढं हिरवं, कडेला कुंपणाची झुडपं, एक चेरीचं झाड आणि त्याच्या फांदीला लटकलेले तीन फीडर. नोव्हेंबर ते मार्च मी हे फीडर भरते. हे माझं सतरावं वर्ष. आई मात्र हिवाळ्यात पहिल्यांदाच आली होती, म्हणून हा उद्योग तिच्या नजरेला पहिल्यांदाच पडला.

आमच्याकडे "पाखरं राखायला गेलेत" असं म्हणतात. गुरं राखायची, पोरं राखायची, घर राखायचं म्हणजे सांभाळायचं. पाखरं राखायची म्हणजे मात्र हाकलायची. खरं तर राखायचं असतं ते रान, पण बोलता बोलता रान गळून गेलं आणि पाखरं तेवढी उरली. लहानपणी मला यात काहीच विचित्र वाटलं नव्हतं. आता बागेत उभी राहून हातातल्या डब्यातून दाणा ओतताना तो शब्द आठवतो आणि हसू येतं. इथे मीही पाखरंच राखते, फक्त उलट्या अर्थाने.

मंगळवेढ्याचा जोंधळा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. हे ज्वारीचं कोठार. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पेरणी परतीच्या पावसावर, आणि त्यानंतर पीक वाढतं ते जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर. पौषात कणीस चिकात येतं, दाणा दाबला की दूध निघतं. ही वेळ हुरड्याची आणि हीच पाखरांची. आधी येतात चिमण्या. त्या दाणा नेत नाहीत, चोचीत दाबून चीक पितात, आणि कणसावर नुसती पांढरी टरफलं राहतात. मग राघू. राघू तर हावरट नाही, माजोरी. कणीस मानेपासून कापायचं, चार दाणे खायचे, उरलेलं खाली टाकायचं आणि दुसऱ्यावर जायचं. आणि सगळ्यात शेवटी भोरड्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येतात आणि ढग उतरावा तशा रानात उतरतात. भोरड्यांची एक झुंड वावरातून गेली की आबा दोन दिवस कुणाशी बोलत नसत.

चार बाभळीच्या मेढी पुरून वर माळा बांधलेला असे, कडब्याने शाकारलेला. दिवस उगवायच्या आधी आबा त्यावर चढायचे. हातात गोफण. मध्ये विणलेली खोबण, दोन बाजूंना दोऱ्या. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरीची गाठ मुठीत धरायची, खोबणीत मातीचा वाळलेला गुंडा ठेवायचा, डोक्यावरून दोनदा फिरवायचं आणि मुठीतली दोरी सोडायची. "फट्ट!" असा आवाज व्हायचा की थंड हवेत ओढ्याच्या पल्याडच्या रानातली पाखरंसुद्धा उठायची. आबांचा गुंडा पाखराला लागलेला मी कधी पाहिला नाही. त्यांना आवाजच हवा असायचा. त्याच्या जोडीला घसा: "हुर्रेऽऽ हो! हाऽऽ हो!" आणि माझ्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी. नाताळच्या सुट्टीत मी शहरातल्या मुलांसारखी मामाकडे गेले नाही, डबा वाजवायला गेले.

आमच्या घराला वारीची परंपरा. एका सकाळी आई भाकरी घेऊन रानात आली आणि सासऱ्यांना तुकोबांची गोष्ट सांगू लागली. कुणा शेतकऱ्याने तुकोबांना असंच माळ्यावर राखणीला बसवलं, तुकोबांनी पाखरांना हाकललंच नाही, देवाची लेकरं म्हणून पोटभर खाऊ दिलं. मालक बोंबलत पंचांकडे गेला, आणि पाहिलं तर धान्य उलट जास्तच निघालं. आबांनी ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "तुकोबांच्या पाठीशी इठ्ठल हुता. माझ्या पाठीशी सावकार हाय."

पण खळ्यावर रास उचलली, पोती घरी गेली, की त्याच आबांचा माणूस बदलायचा. खळ्यावर सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या तुटून पडायच्या आणि कुणी साधं "हाड" म्हणत नसे. चांगली टपोरी दहा-बारा कणसं निवडून त्यांचा झुपका ओसरीच्या आढ्याला बांधायचं कामही आबांचंच. तो चिमण्यांसाठी. महिन्याभरापूर्वी ज्या चिमणीला शिव्या दिल्या तिच्यासाठीच. चिमणी तीच, जोंधळाही तोच, मधे गेला तो फक्त एक महिना. मी एकदा विचारलं तेव्हा आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोर जरा अर्धवट आहे की काय.

तर अशा घरातली मी, आणि आता साडेबारा किलोचं पोतं.

इथल्या हिवाळ्याचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे सुगी: रानात धान्य, बोरीला बोरं, हवा कोरडी. पाखरांचे हाल उन्हाळ्यात, आणि तेही पाण्यावाचून. इथे डिसेंबरात सूर्य आठ वाजता उगवतो आणि चारच्या आत मावळतो. जेमतेम आठ तास उजेड. तेवढ्यात चिमुकल्या पक्ष्याला उरलेल्या सोळा तासांची रात्र काढण्याएवढं खाऊन घ्यावं लागतं. ब्लू टिट नावाचा निळ्या टोपीचा, पिवळ्या पोटाचा पक्षी इथे घरोघरी येतो. त्याचं वजन अकरा ग्रॅमच्या आसपास. कडाक्याच्या एका रात्रीत तो त्यातलं पाच ते दहा टक्के वजन नुसतं ऊब धरायला जाळतो. रेन त्याहून लहान, एक पौंडाच्या नाण्याएवढ्या वजनाची, तपकिरी, शेपटी वर केलेली. ती एरवी एकलकोंडी आणि भांडखोर, पण थंडी पडली की भांडण बाजूला ठेवून गोळा होते. १९६९ च्या हिवाळ्यात नॉरफकमध्ये एकाच घरट्याच्या पेटीत ६१ रेन एकमेकींना चिकटून झोपलेल्या मोजल्या होत्या. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वऱ्हाडासारखं." बरोबरच आहे. एका खोलीत साठ माणसं आणि तीन गोधड्या.

शेजारच्या घरात एक आजोबा एकटे राहतात. वय सत्तरीच्या पुढे. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ते दहा वर्षांचे होते. त्या हिवाळ्याचा विषय या देशात अजून निघतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि मार्च उजाडेपर्यंत कित्येक ठिकाणी ते हटलंच नाही. रेन आणि किंगफिशर इतके मेले की पुढची काही वर्षं दिसेनासे झाले. त्या आजोबांची आई रोज सकाळी बर्फावर फळी टाकून बेकनच्या साली आणि पावाचा चुरा ठेवायची. शाळेला जाताना वाटेत गारठून पडलेले पक्षी ओलांडून गेल्याचं ते सांगतात आणि तिथे थांबतात, पुढे बोलत नाहीत. त्याच्याही आधी, १८९०-९१ च्या हिवाळ्यात, वर्तमानपत्रांनी पक्ष्यांना दाणा घालण्याचं लोकांना आवाहन केलं होतं. ज्या आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचं नाव आज इथे प्रत्येक फीडरमागे येतं तिची सुरुवात १८८९ ची, आणि ती दाण्यावरून नव्हे, बायकांच्या टोप्यांवरून झाली. टोप्यांवर लावायच्या पिसांसाठी पक्षी मारले जात, त्याविरुद्ध काही बायका मँचेस्टरजवळ एकत्र आल्या.

आता पक्ष्यांना खायला घालणं हा इथला धर्मच आहे म्हटलं तरी चालेल. निम्म्याच्या आसपास घरं काही ना काही घालतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशोब मांडलाय की बागांमधला हा दाणा १९ कोटी ६० लाख पक्ष्यांना पुरेल एवढा आहे. हे वाचून मला आबांची आठवण आली नसती तरच नवल. एवढ्या दाण्यात किती सावकार फिटले असते!

पण खरी गंमत पोत्याशेजारच्या छोट्या पिशवीत होती.

त्या पिशवीवर इंग्रजीत "नायजर" लिहिलेलं असतं. गोल्डफिंच या पक्ष्यासाठी ती खास. लाल तोंडाचा, पंखावर पिवळा पट्टा असलेला हा पक्षी अणकुचीदार चोचीने फीडरच्या बारीक फटीतून एकेक बी ओढून काढतो. मी कित्येक वर्षं ती पिशवी फोडून ओतत होते. काळं, बारीक, लांबुळकं, चकाकणारं बी. आईने त्यात हात घातला, चिमूटभर तळहातावर घेतलं, चोळलं, वास घेतला आणि तोंडात टाकलं.

"आई, ते माणसांचं नाही!"

ती चावत राहिली. "कारळं आहे की गं. जुनं आहे जरा. पण कारळंच."

मी तिथेच मटकन बसले. सतरा वर्षं मी कारळे ओतत होते आणि मला ओळखता आले नाहीत. आमच्या वावराच्या बांधाला कारळ्याच्या दोन ओळी असायच्या. जनावरं कारळ्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते कुंपणासारखे पेरायचे. दिवाळीच्या आधी पिवळीधमक फुलं यायची. डोंगराकडच्या भागात, नाशिक-नंदुरबारकडे, याला खुरासणी म्हणतात. आदिवासी शेतकरी ती हलक्या, उताराच्या जमिनीत घेतात, जिथे दुसरं काही नीट येत नाही. आणि त्यातली बरीचशी जाते कुठे? जहाजात बसून पाश्चात्त्य देशांतल्या फिंचांच्या पोटात. अमेरिकेत तर ती पाठवण्यापूर्वी कडक तापवावी लागते, कारण कारळ्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं असू शकतं आणि ते तिकडे रुजू नये अशी त्यांची काळजी. दाणा चालतो, पण रुजायचा नाही. व्हिसाचे नियम वाचल्यासारखं वाटलं मला.

आईने दुपारी चार मुठी कारळे निवडले, पाखडले (ताटात, सूप नव्हतं), कढईत भाजले. घरभर तो वास सुटला. मग लसूण, लाल तिखट, मीठ, आणि खलबत्ता नव्हता म्हणून मिक्सर. भाकरी ज्वारीचीच, साउथॉलच्या दुकानातल्या पिठाची. पिशवीवर "माणसांच्या खाण्यासाठी नाही" असं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. "तिकडे आपण खातो तेच इकडे माणसांनी खायचं नाही?" ती म्हणाली. "लिहिणाराला भाकरी मिळाली नसेल कधी." तुम्ही असं करू नका हे सांगणं माझं कर्तव्य आहे. आम्ही मात्र केलं. कडेने कच्च्या तेलाची धार सोडून खाल्लं, आणि खिडकीबाहेर चार गोल्डफिंच तेच खात होते.

त्याच २०१९ च्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे. १९७२ मध्ये फक्त आठ टक्के बागांच्या फीडरवर गोल्डफिंच दिसे, आता ८७ टक्के बागांमध्ये दिसतो. यात आपल्या कारळ्याचाही हात आहे असं मानायला मला आवडतं. नंदुरबारच्या उतारावरचं बी हाउन्स्लोचा पक्षी बदलू शकतं, एवढंच. याहून अजब गोष्ट ब्लॅककॅपची. राखाडी रंगाचा हा छोटा पक्षी, नराची टोपी काळी, मादीची तांबूस. जर्मनी-ऑस्ट्रियातले ब्लॅककॅप हिवाळ्यात स्पेनकडे, उत्तर आफ्रिकेकडे जात. गेल्या साठेक वर्षांत त्यातल्या काहींनी वाट बदलली आणि ते वायव्येला, या थंड बेटावर यायला लागले. पीटर बर्थोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने इथे हिवाळा काढणारे काही ब्लॅककॅप नेऊन पिंजऱ्यात वाढवले. त्यांची पिल्लं, ज्यांनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं, तीही शरद ऋतूत इंग्लंडच्याच दिशेला फडफडू लागली. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं. वाट रक्तात उतरली होती. आणि त्या वाटेच्या या टोकाला काय आहे? बागांमधला दाणा आणि चरबीचे गोळे.

हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या पोरींचंही तसंच आहे." माझ्या मुलींना मंगळवेढ्यात चौथ्या दिवशी कंटाळा येतो. मी विषय बदलला.

चरबीच्या गोळ्यांवरून घरात दोन दिवस तणाव होता तेही सांगून टाकते. इथे थंडीत पक्ष्यांना सगळ्यात उपयोगी पडते चरबी, आणि बाजारात तिचे चेंडू मिळतात, आत दाणे घातलेले. चरबी बहुतेक बैलाची. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिने तो डबा फ्रीजशेजारी पाहिला, कशाचा आहे ते विचारलं आणि मी खोटं बोलायला हवं होतं ते बोलले नाही. डबा मागच्या शेडमध्ये गेला. मी फ्रीजशेजारचा ओटा साबणाने पुसला. तिसऱ्या दिवशी तिनेच तोड काढली. देवापुढे फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी तिने दोऱ्याने चेरीच्या फांदीला टांगली. मी पुस्तकात पाहिलं: कवटीतलं ओलं खोबरं चालतं, पण आतलं गोड पाणी धुऊन टाका, आणि वाळलेला खोबऱ्याचा कीस मुळीच घालू नका, पोटात जाऊन फुगतो. पाण्याचा प्रश्नच नव्हता, ते आई आधीच प्यायली होती. तासाभरात ब्लू टिट त्या वाटीला उलटा लटकून खोबरं टोचत होता. आई खुर्ची ओढून खिडकीशी बसली ती जेवायलाच उठली. "प्रसाद खातोय," ती म्हणाली. त्या दिवसापासून पोत्याच्या किमतीचा विषय निघाला नाही.

तिने काही पक्ष्यांना नावंही ठेवली, कारण इंग्रजी नावं तिच्या तोंडात बसेनात. स्टार्लिंगला भोरडी, आणि ती काही चूक नव्हती. दोघी एकाच कुळातल्या, तशाच कलकल्या, तशाच झुंडीने उतरणाऱ्या. एक युरोपच्या उत्तरेकडून इथे हिवाळ्याला येते, दुसरी तिकडे सोलापूरला जाते. फरक एवढाच की इथे स्टार्लिंगची संख्या इतकी घटलीय की ती धोक्याच्या लाल यादीत आहे. चिमणीसुद्धा. आपलीच चिमणी, तीच जात. ज्या दोघींना आबांनी आयुष्यभर शिव्या दिल्या त्यांची इथे चिंता वाहतात.

या सगळ्यात एक गोष्ट मी लपवून ठेवणार होते, पण तिच्याशिवाय हे खरं होणार नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फीडरखाली एक ग्रीनफिंच बसलेला दिसला. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. मी जवळ गेले तरी उडाला नाही. चोचीभोवती ओलं, चिकट. तो दाणा उचलायचा, चावायचा, गिळता येत नव्हता, गळून पडायचा. पुन्हा उचलायचा. मला माहीत होतं हे काय आहे. ट्रायकोमोनोसिस. एका सूक्ष्म परजीवीने घसा सुजून बंद होतो आणि पक्षी भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. हा रोग मूळचा कबुतरा-होल्यांचा. इथल्या फिंचांमध्ये तो २००५ मध्ये दिसला, पुढच्या वर्षी साथ आली आणि त्यानंतर ग्रीनफिंच निम्म्याहून अधिक घटले. २०२१ मध्ये त्यांचं नाव लाल यादीत गेलं. रोग पसरतो तो लाळेतून, आजारी पक्ष्याच्या तोंडातून पडलेल्या दाण्यातून, पाण्यातून. म्हणजे जिथे एका ताटावर पुष्कळ तोंडं येतात तिथून. म्हणजे माझ्या फीडरवरून.

फीडर दर आठवड्याला धुवायचे, वाळवायचे, जागा बदलायची, खालचा कचरा झाडायचा हे मला सगळं ठाऊक होतं. नाताळपासून मी धुतले नव्हते. थंडी होती, पाहुणे होते, कारणं पुष्कळ होती.

संध्याकाळी तो मेला. आईने त्याला कुंपणाशी खड्डा केला. मी तिला रोग समजावून सांगू लागले तर तिने अर्ध्यातच थांबवलं. "कळलं. उष्ट्या ताटात वाढलंस पाहुण्याला."

मी आयुष्यभर आईच्या उष्ट्या-खरकट्याच्या विचाराला वैतागत आले. हा पळीचा हात त्या भांड्याला लावू नको, ताटातलं परत वाढपात टाकू नको. इथल्या जीवशास्त्रज्ञांनी कित्येक पानं लिहून जे सांगितलं ते तिच्या एका शब्दात होतं, आणि तो शब्द माझ्याकडे जन्मापासून होता. फीडर उतरवले, गरम पाण्याने घासले, जंतुनाशकात बुडवले, उन्हात (जे काही ऊन होतं त्यात) वाळवले आणि दोन आठवडे काहीच टांगलं नाही. ते दोन आठवडे जड गेले. ब्लू टिट येऊन रिकाम्या फांदीवर बसायचा, इकडेतिकडे बघायचा. रॉबिन खिडकीच्या चौकटीवर येऊन आत डोकवायचा. सवय लावायची आणि मग ताट काढून घ्यायचं. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा इकडे बसून व्हॉट्सॲपवर मी फार ठामपणे बोलले होते. माणसांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे, भूतदयेचा नाही, वगैरे. ते आजही मला बरोबरच वाटतं. पण तेव्हाचा ठामपणा मात्र आता उरलेला नाही.

फीडर पुन्हा टांगले ते जानेवारीच्या शेवटाकडच्या एका शनिवारी. त्या शनिवार-रविवारी इथे बागेतल्या पक्ष्यांची मोठी मोजणी असते. १९७९ पासून चालू आहे, तेव्हा ती फक्त मुलांसाठी होती. एक तास बसायचं आणि प्रत्येक जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले ते लिहायचं. एकच पक्षी चारदा आला तर चार नाहीत, एकच. हा नियम आईला पटला नाही. "चारदा जेवला की चारदा." शेवटी मी वही घेतली आणि तिला नुसतं बघायला सांगितलं.

पहिली वीस मिनिटं सुरेख गेली. रॉबिन एक. ब्लू टिट तीन. गोल्डफिंच पाच. चिमण्या चार, आणि लंडनमध्ये चार चिमण्या म्हणजे चेष्टा नव्हे. आणि मग वरून तो आवाज आला, कर्कश, ओळखीचा. कीऽ कीऽ कीऽ. हिरवा बाण सरळ चेरीवर. मग दुसरा, तिसरा.

राघू. लाल चोचीचे, गळ्यात काळा-गुलाबी कंठ घातलेले, लांब शेपटीचे. पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंनी इथे १९६९ मध्ये केंटमध्ये पहिल्यांदा मोकळ्यावर घरटं केलं. आता पश्चिम लंडनच्या आकाशात संध्याकाळी त्यांचे थवेच्या थवे जातात. डीएनए पाहून लोकांनी सांगितलंय की यांचं मूळ बहुतेक उत्तर भारताकडचं आणि पाकिस्तानातलं. आईला मी हे आधी सांगितलं होतं तेव्हा तिची थोडी निराशा झाली होती. "म्हणजे आपल्याकडचे नव्हेत." लंडनच्या बागांमध्ये प्रयोग करून पाहिलंय की राघू जवळ असला की बाकीचे लहान पक्षी कमी खातात, दबून राहतात. त्यासाठी मला प्रयोगाची गरज नव्हती. गोल्डफिंच कुंपणात गेले. ब्लू टिट नाहीसा झाला. एक राघू फीडरला उलटा लटकला, सूर्यफुलाची बी काढली, एक चावा घेतला, टाकली. दुसरी काढली, टाकली.

तीन हजार रुपयांचा दाणा, आणि चार खायचे, चाळीस टाकायचे.

पुढचं मी ठरवून केलं नाही. दार उघडून पायरीवर आले, पायात सपाता, अंगात गाऊन, आणि पोटातून आवाज निघाला: "हुर्रेऽऽ हो! हाऽऽ हो!"

पस्तीस वर्षांनी. त्याची चाल तश्शीच होती, शेवटचा "हो" वर नेऊन तोडायचा.

सगळं उठलं. राघू, चिमण्या, कुंपणातले गोल्डफिंच, पलीकडच्या बागेतले होलेसुद्धा. फीडर तेवढा गरगर फिरत राहिला. कुंपणावरून शेजारच्या आजोबांचं डोकं वर आलं, हातात त्यांची वही. तेही मोजत होते. त्यांनी वहीकडे पाहिलं, रिकाम्या झाडाकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी माफी मागितली. राघू होते, म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही राघू आवडत नाहीत, ते टाळ्या वाजवून हाकलतात. "पण हे जास्त चांगलं आहे," ते म्हणाले आणि ते काय म्हणायचं असतं ते पुन्हा सांगशील का असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. "हुर्रे हो" त्यांच्या तोंडात क्रिकेटच्या मॅचसारखं वाटत होतं.

आई दारात उभी होती, शाल घट्ट ओढून.

"मामंजींचा आवाज ओढ्यापल्याड जायचा," ती म्हणाली. "हे काय. येतील परत."

दहा मिनिटांत आले. आधी राघूच. मी वहीत लिहिलं, सात. आईने झाडाकडे बोट करून ओठांत मोजलं आणि म्हणाली, नऊ आहेत, दोन मागच्या फांदीवर आहेत, नीट बघ.